देण्याचं पान, येण्याचं पान

वाचकाचं पत्र: "मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वय 36. टॉवेलच्या एका कारखान्यात 11 वर्षं पॅकिंग आणि डिस्पॅच बघत होतो. चार महिन्यांपूर्वी ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आमच्यातल्या बऱ्याच जणांना कामावरनं कमी केलं. बायको टॉवेलच्या कडा नगावर शिवून देते, त्यावर घर चाललंय. आई 62 वर्षांची. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले. आईनं विड्या वळून मला आणि बहिणीला वाढवलं. रोज दिवा लावला की ती हात जोडून, दिवसभरात कुणी काय केलं ते नावानिशी म्हणते. पाणी आल्याची हाक कुणी मारली, भाजीवालीनं मूठभर मिरच्या वर टाकल्या, असं. मला ते ऐकून संताप यायचा. परवा मी बोललोच, 'घरात पैसा नाही आणि तू मिरच्यांचे आभार मानायलीस!' ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी माझी दहा वर्षांची मुलगी आजीशेजारी बसली आणि म्हणाली, 'पप्पांनी आज मला भागाकार शिकवला.' मला मान वर करता येईना. आईचं हे मला शिकायचंय, पण नुसते हात जोडले तर नाटक वाटतं. आणखी एक. मुलीच्या आजारपणात मालकांनी दहा हजारांची उचल दिली होती, त्यामुळं हिशोब मागायला जीभ रेटत नाही. आई म्हणते, त्यांचं मीठ खाल्लंय. काय करू?"

उत्तर:

मिरच्यांपासूनच सुरुवात करू. आई मिरच्यांचे आभार मानते असं तुम्हाला वाटलं. तुमचंच पत्र पुन्हा वाचून बघा. ती नाव घेते, वस्तू सांगते, आणि ती कधी मिळाली ते सांगते. 'सगळं छान चाललंय' असं ती एकदाही म्हणत नाही. घरात पैसा नाही हे तिला तुमच्याइतकंच कळतं, किंबहुना डब्यात ज्वारी किती उरली ते तिलाच जास्त माहीत असणार. संध्याकाळी ती करते ती दिवसाची नोंद आहे.

'कृतज्ञता' हा शब्द पुस्तकी वाटतो, पण तो फोडला की सोपा आहे. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे ज्याला माहीत आहे तो कृतज्ञ. घरात आपण याला 'जाण' म्हणतो. 'पोराला जाण आहे' असं म्हणताना पोराचं मन भरून आलंय का, हे कुणी बघत नाही. त्याला माहीत आहे ना, तो विसरला नाही ना, एवढंच बघतात. म्हणजे आधी माहिती, भावना तिच्या मागनं येते. तुम्ही आधी भावना आणायला गेलात म्हणून ते नाटक वाटलं. चार महिने घरी बसलेल्या माणसाच्या मनात हात जोडल्याबरोबर आनंद दाटून येत नाही, आणि तो आला नाही म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही.

आईला ही सवय कुठनं लागली असेल, याचाही विचार करा. विडीचं काम म्हणजे रोजची मोजदाद. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान, ते मापाला लावून कात्रीनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मिटायचं. असं हजार वेळा. पंचवीस-पंचवीसची चाळीस बंडलं झाली की आठ-दहा तास गेलेले असतात. वर कारखान्यात छाट, म्हणजे नापास केलेल्या विड्या, निघते ती वेगळीच. किती माल नेला, किती दिला, किती छाटला, हे ज्या बाईनं वर्षानुवर्षं डोक्यात ठेवलं, तिला कुणी काय दिलं आणि कुणी काय कापलं हे दोन्ही पक्कं आठवत असतं. तिची जाण याच मोजदादीतनं आलेली आहे, आणि तुम्हीही पॅकिंगमध्ये 11 वर्षं नगच मोजले आहेत. तिच्या रीतीनं शिकणं तुम्हाला अवघड जाणार नाही.

पण आधी परवाचं मिटवा. माफीचं भाषण करू नका. आई संकोचेल, 'आसू दे बाळा' म्हणेल आणि विषय तिथंच संपेल. उद्या ती दिवा लावेल तेव्हा बाजूला येऊन बसा आणि एवढंच म्हणा, 'परवा मी वाकडं बोललो. त्या मिरच्या दिल्या ती भाजीवाली कुठली?' मग ती सांगेल ते ऐका. हात जोडावेसे वाटले नाहीत तर जोडू नका. पहिला आठवडा नुसतं ऐकायचं.

त्यानंतर एक वही घ्या. शंभर पानी, आखीव, साधी. ती उघडल्यावर डावीकडच्या पानावर लिहा 'देणं' आणि उजवीकडच्या पानावर 'येणं'. देण्याच्या पानावर कुणी आपल्यासाठी काय केलं ते येईल, येण्याच्या पानावर आपले हक्काचे पैसे. या दोन पानांची सरमिसळ झाली की काय होतं, हे तुमच्या उचलीच्या प्रकरणात दिसतंच आहे. त्याकडे पुढं वळतो, आधी डावं पान.

डाव्या पानावर पाच रकाने आखा: कोण, काय, किती, कधी, परत काय गेलं. शेवटचा रकाना बरेच दिवस रिकामा राहील. राहू द्या. रोज लिहायची गरज नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्‌कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा 2003 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं आठवड्यातनं एकदा, असं दहा आठवडे, ज्यांची जाण वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटानं आठवड्यातल्या कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकंदरीत जास्त बरं वाटलं. म्हणजे आठवड्याला एक बैठक नवशिक्याला पुरेशी आहे. शुक्रवारी रात्री पंधरा मिनिटं, तीन ते पाच नोंदी. आई रोज करते, कारण तिला कैक वर्षांचा सराव आहे. तुम्ही पहिल्याच महिन्यात रोज बसलात तर चौथ्या दिवशी 'सूर्य उगवला, श्वास चालू आहे' अशा नोंदी सुरू होतील आणि वही माळ्यावर जाईल.

नोंद कशी असावी ते नीट सांगतो, कारण बहुतेकांचं इथंच चुकतं. 'शेजारी चांगले आहेत' ही नोंद झाली नाही. 'समोरच्या वहिनींनी रात्री अडीचला पाणी आल्यावर दार वाजवलं, आपले दोन बॅरल भरले' ही नोंद. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि कधी अवेळी येतं. ती हाक चुकली तर पुढच्या पाण्यापर्यंत काय होतं ते तुम्ही जाणता. मग त्या हाकेची किंमत किती? त्या वहिनींची मोडलेली झोप किती? नोंद इतकी बारीक केली की तिच्यामागचं माणूस दिसायला लागतं. मोघम लिहिलं की कुणीच दिसत नाही, आणि मन हलत नाही.

आता आईला विचारायचं. तिच्या कष्टाच्या वर्षांबद्दल तुम्हाला अंदाज आहे, माहिती नाही. नऊ वर्षांच्या पोराला उधारी कळत नाही. विचारायला वेळ निवडा ती तिच्या हातात काम असताना. शेंगा फोडताना, ज्वारी निवडताना, लसूण सोलताना. समोरासमोर बसून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं तर ती पदर सावरेल आणि दोन वाक्यांत आटपेल. तुम्हीही मूठभर शेंगा घ्या आणि फोडायला लागा. आठवड्यातनं दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं. ती थांबली की तुम्ही थांबा.

'तू एवढं कसं सहन केलंस?' असं विचारू नका. त्याला ठरलेलं उत्तर आहे, 'चाललं तसं चालवलं.' 'तुला तेव्हा काय वाटायचं?' हेही नको. हिशोबाचे प्रश्न विचारा, तिथं ती खुलेल. वडील गेले त्या वर्षी ज्वारी कुठनं आणायचीस? एका वेळी किती पायल्या? दुकानदार उधार किती दिवस थांबायचा? तुझा हात दुखावला की तुझ्या वाट्याचं पान कोण कापून द्यायचं? माझ्या दहावीच्या फॉर्मचे पैसे कुठनं आले, आणि तेवढ्यासाठी किती हजार विड्या लागल्या? हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा. रुपयांत आकडा ऐकला तर आज तो किरकोळ वाटेल. हजार विडीला तेव्हा काय मिळायचं ते तिला पाठ असेल. भागाकार करा, जमलं तर मुलीला करू द्या. किती दिवस, किती तास वाकून बसल्याचा तो फॉर्म होता, ते कागदावर दिसेल.

एकदा तिच्या हातात जुन्या वहीचा कागद आणि दोरा द्या आणि एक विडी वळून दाखव म्हणा. बोटं विसरलेली नसतात. अंगठा आणि तर्जनी कागदाला कशी धरतात, दोऱ्याचे दोन वेढे किती झटक्यात बसतात, टोक नखानं कसं आत दाबलं जातं ते जवळनं बघा. मग स्वतः एक करून बघा. तुमची सुटेल. मुलीलाही बघू द्या, फक्त तंबाखू त्यात आणू नका. त्या धुरळ्यानं आईला आधीच खोकल्याचा त्रास कमी झालेला नसेल.

तिच्या लहानपणाचंही विचारा. 1972 च्या दुष्काळात ती आठ-नऊ वर्षांची असणार. सोलापूर जिल्हा त्यात होरपळला होता. खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातनं आलेल्या ज्वारीच्या, भाकरी, मुलांना वाटलेला सुकडीचा कोरडा खाऊ, यातलं तिला काही ना काही आठवेल. तिची आई तेव्हा काय करायची, कुणाचं नाव घ्यायची? तुम्ही आईकडनं शिकायला निघालात, तिनंही ते कुणाकडनं तरी घेतलेलं आहे.

या बोलण्यातनं दहा-बारा नावं निघतील. काही माणसं गेली असतील, काही अजून त्याच गल्लीत असतील. आता 'परत काय गेलं' हा रकाना. इथं घाई नको आणि उसनवारी तर मुळीच नको. उधार घेऊन साडी-टॉवेल नेऊन देणं ही जाण नव्हे, त्यानं तिसऱ्याचं देणं वाढतं. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत आई पाळत असेलच. तिच्यात सगळं आलं. वाटीभर आमटी आली तर वाटीत चार चमचे शेंगाचटणी घालून, दोन-तीन दिवसांत परत. फार लगेच परत केलं तर ओझं फेकल्यासारखं दिसतं, फार उशीर झाला तर वाटी विसरते. पाण्याची हाक मारणाऱ्या वहिनींचा बॅरल पुढच्या पाण्याला तुम्ही भरून द्या. तुमच्याकडे सध्या पैसा नाही, वेळ आणि अंगात जोर आहे. जुन्या उधारीवाल्या दुकानदाराकडे आईला घेऊन जा आणि एवढंच सांगा, 'आमच्या पडत्या वर्षात तुम्ही दोन-दोन महिने थांबलात, आईनं सांगितलं.' महिने आईनं सांगितले तेच म्हणा. नेमका आकडा ऐकला की समोरच्याला कळतं, हे खरंच लक्षात ठेवलंय.

आईला स्वतःला काय म्हणायचं? मराठी घरात आईला 'आभारी आहे' म्हटलं की परकं वाटतं, आणि 'थँक्यू' म्हटलं तर ती हसेल. 'त्या फॉर्मच्या वेळी तू महिनाभर रात्री बसलीस, मला आत्ता कळलं' हे पुरे आहे. ती 'त्यात काय एवढं' म्हणेल. त्यावर वाद घालू नका, पुढची शेंग फोडा.

एक नाव मात्र तुमच्या पत्रात फार पटकन येऊन गेलं. बायको कडा शिवते आणि त्यावर घर चाललंय, एवढं एकच वाक्य. बाहेरच्यांची जाण ठेवणारी माणसंही घरातल्या माणसाची नोंद करायला विसरतात, कारण ते 'आपलंच' असतं. पहिल्या शुक्रवारची पहिली नोंद तिच्या नावावर लिहा. दिवसाला किती नग, नगाला किती पैसे, मशीनवर किती तास, पाठ कुठं दुखते. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर विचारा. मग परत काय गेलं या रकान्यात: कडा शिवून झाल्या की दोरे तुम्ही कापा, घड्या तुम्ही घाला, गठ्ठा पोचवून या. पॅकिंग तुमच्या हातचं काम आहे. कामावर जात नाही म्हणून पुरुषानं घरात नुसतं बसून राहिलं की राग साचतो, आणि तो मिरच्यांवर निघतो.

आता उजवं पान. मालकांनी अडचणीत दहा हजार दिले, ते डाव्या पानावर जातील आणि तिथं कायमचे राहतील. तारखेसकट लिहा. ती उचल पगारातनं कापली गेली असेल तर पैसा फिटला. वेळेला हात दिला त्याची जाण उरते, आणि ती ठेवायची. पण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना कायद्यानं मिळायची रक्कम, हा उपकार नव्हे. तो तुमच्या 11 वर्षांच्या कामाचा राखून ठेवलेला भाग आहे, आणि तो येण्याच्या पानावर जातो. आईला हे विडीच्या भाषेत सांगा, तिला लगेच पटेल. कारखानदारानं अडीनडीला पैसे दिले म्हणून हजार विडीची मजुरी तिनं सोडून दिली होती का?

हिशोब असा. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर शेवटचा मासिक मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 26 नं भागायचं, 15 नं गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. समजा ही बेरीज 13,000 आहे. 26 नं भागलं की 500, पंधरा दिवसांचे 7,500, अकरा वर्षांचे 82,500 रुपये. ही रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. कामावरनं कमी केल्याची भरपाई आणि पीएफ हे त्याहून वेगळे. पगारपत्रकं, हजेरीकार्ड, पीएफचा यूएएन नंबर, बँकेतले पगार जमा झाल्याचे उतारे एका पिशवीत गोळा करा. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली नाही तर स्पीड पोस्टानं पाठवा. तरीही हालचाल नसेल तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. मालकांकडे जाताना सुरुवात उचलीपासून केली तरी हरकत नाही. 'मुलीच्या वेळी तुम्ही मदत केलीत, ते आम्ही विसरलो नाही. हा माझ्या हिशोबाचा अर्ज.' दोन वाक्यं, दोन पानं. आवाज चढवायची गरज नाही आणि ओशाळायचीही नाही.

उजव्या पानावर आईचंही काही निघतंय का बघा. विडी कारखान्यात तिचा पीएफ कापला गेला असेल आणि पेन्शन योजनेतली नोकरी दहा वर्षं भरली असेल, तर 58 पूर्ण झाल्यावर तिला मासिक पेन्शन लागू होते. ती किमान 1,000 रुपये आहे. पेन्शन चालू असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला दिला जातोय ना, ते तपासा. जुनं पासबुक, आधारवरचं आणि कारखान्याच्या नोंदीतलं नाव जुळतंय का, जन्मतारीख एकच आहे का, अडकतं ते इथं. पीएफ कार्यालयातल्या दोन-तीन फेऱ्या ही तुम्ही तिच्यासाठी करण्याजोगी गोष्ट आहे.

आईच्या गुणाची एक काळी बाजूही असते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना आयुष्यभर कमीत भागवायची सवय लागली, ती माणसं पडत्या काळात गुपचूप स्वतःचं कापतात. 'मला भूकच नाही.' 'कडक भाकरी भिजवून खाल्ली, पोट भरलं.' शेवटी जेवायला बसतात, म्हणजे ताटात काय होतं ते कुणाला दिसत नाही. हे तिच्याकडनं शिकायचं नाही, हे थांबवायचं. आठवडाभर सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पट्टी हातात घेऊन मोजा. रोज एक असेल तर दहाची पट्टी दहाव्या दिवशी संपायला हवी. बाराव्या दिवशी तीत चार गोळ्या शिल्लक असतील तर ती दिवसाआड घेतेय. रागावू नका. या गोळ्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, हे तिला सांगा आणि स्वतः आणून द्या.

आणि तुमच्याबद्दल. चार महिने काम नाही, चिडचिड होते, हे समजण्यासारखं आहे. पण दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्यावर वही हा उपाय नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येतं, किंवा सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागात दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडेही थांबू नका. आणि अशा वेळी कुणी 'तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेतली माणसं बघ' असं सांगायला आलं तर ते मनावर घेऊ नका. दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून जाण येत नसते, लाज तेवढी येते. मुलीलाही असं कधी म्हणू नका.

मुलीचं तुम्हाला काही करावं लागणार नाही, ती आजीजवळ बसलीच आहे. फक्त तिनं भागाकाराचं तुमचं नाव घेतलं तेव्हा तुमची मान खाली गेली, ती तिला दिसली असेल. पुढच्या वेळी 'हो, आज तीन गणितं झाली' एवढं तिला म्हणा.

वहीचं पहिलं पान आईकडनं लिहून घ्या. तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल आणि मुलगी लिहील. पाच रकाने मुलीलाच पट्टीनं आखू द्या, 'परत काय गेलं' हा जरा रुंद ठेवायला सांगा.